चार तारांतली काळी एक

दिंडोशी, मुंबई

ती. आबांस,


गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझ्या त्या गिटारीत काळी-पांढरी खंय आसत गो?" तेव्हा मी दिंडोशी मेट्रोच्या जिन्यावर होते. डोक्यावर गाडी, पायाखाली हायवे, त्यात उत्तर कसलं देणार? म्हणून हे पत्र. ते उघडं ठेवते आहे, कारण इथे नागरी निवाऱ्यात गिटार शिकणारी पोरंही मला हेच विचारतात. ती पट्टी म्हणत नाहीत. "ताई, गाणं कुठल्या कीमध्ये आहे?" म्हणतात आणि माझं उत्तर यायच्या आत मोबाईल काढतात. तुम्हाला सांगितलं की त्यांनाही आपोआप सांगून होईल.

आधी सरळ उत्तर. माझ्या बास गिटारला चार तारा. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की पेटीची पांढरी तीन वाजते, पण तुमच्या खर्जाच्याही कितीतरी खाली. तिच्यानंतरची तार पांढरी सहा, मग पांढरी दोन, आणि सगळ्यात बारीक ती पांढरी पाच. मोकळ्या तारांत काळी एकही नाही, काळ्या साऱ्या पडद्यांवर बसल्या आहेत. जाड तारेवर दुसरा पडदा काळी तीन, चौथा काळी चार, सहावा काळी पाच, नववा काळी एक, अकरावा काळी दोन. तुमची काळी एक दुसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावरही आहे, अगदी तोच सूर. मी बहुतेक वेळा तिथेच धरते, हाताला सोपं जातं.

आता यातली गंमत बघा. पेटीवर पट्टी बदलली की बोटं बदलतात. काळी एकमध्ये रुळलेला हात पांढरी दोनवर अडखळतो. म्हणूनच तर स्केल चेंजर पेट्या निघाल्या, ज्यांना तुम्ही 'आळशी माणसाची पेटी' म्हणून नाक मुरडता. बास गिटार जन्मतःच स्केल चेंजर आहे. सा कुठल्याही पडद्यावर धरा. त्याच पडद्यावर पुढच्या तारेला मध्यम, तिथून दोन पडदे पुढे पंचम. मध्यमाच्या एक पडदा मागे शुद्ध गंधार, दोन पडदे मागे कोमल गंधार. आणखी एक तार ओलांडून साच्या दोन पडदे पुढे गेलं की वरचा सा. ही मांडणी बाराही पट्ट्यांत हीच राहते, फक्त हात वर-खाली सरकतो. त्यामुळे माझ्या बोटांना कुठल्याच पट्टीचं भय नाही. सा कुठे आहे एवढं कळलं पाहिजे, आणि ते काम बोटांचं नाही, कानाचं.

नवरात्रात आमच्याकडच्या मंडपांत ऑर्केस्ट्रा असतो तेव्हा हे रोज करावं लागतं. गायिका दुसरा कार्यक्रम आटोपून धावत येते, पाणी पिते आणि "तुम्ही धरा हं मागून" म्हणून थेट सुरू करते. कीबोर्डवाला हुशार असला तर तो मला बोटांनी खूण करतो. नसला तर तोही माझ्याकडेच बघत असतो.

अशा वेळी पहिलं पथ्य म्हणजे वाद्याला हात लावायचा नाही. नवशिकी पोरं गाणं सुरू झालं की पडदे चाचपायला लागतात, हा लागतो का, तो लागतो का. अशाने वाजवलेला प्रत्येक चुकीचा सूर कानात शिरून बसतो आणि बरोबर सुराची जागा अडवतो. त्यापेक्षा ओठ मिटून गुणगुणावं. काय गुणगुणायचं? गाण्याचा पहिला सूर नव्हे. कितीतरी गाणी पंचमावर उठतात, कितीतरी गंधारावर. मुखडा पूर्ण फिरून समेवर येतो आणि गाणारा श्वास सोडतो, तो सूर पकडायचा. माझी कसोटी साधी आहे. इथे वीज गेली आणि गाणं याच सुरावर थांबलं, तर ऐकणाऱ्याला ते संपलं असं वाटेल की अर्धवट तुटलं असं? संपल्यासारखं वाटतं तो सा.

हे मी कुठल्या क्लासात शिकलेले नाही, आबा. गजर चढत चढत जातो आणि सगळा कोरस धृपदावर एकदम येऊन बसतो, तिथे तुम्ही पेटीचा भाता क्षणभर सैल सोडता. लहानपणी मी खळ्यात बसून ते बघत असे. ती जागा कुठली, हे तेव्हाच अंगात मुरलं होतं. बास हातात आल्यावर त्या जागेला पडद्याचा आकडा मिळाला, इतकंच.

सा गुणगुणता आला की मग वाद्य. जाड तारेवर बोट हलकेच सरकवत न्यायचं, गळ्यातला सूर आणि तारेतला सूर मिळेपर्यंत. बास फार खालून बोलतो, त्यामुळे आपला आवाज त्याच्या दोन-दोन सप्तकं वर असतो आणि नवख्या कानाला ते जुळणं पटकन कळत नाही. पण सप्तक वेगळं असलं तरी सा तो साच, हे तुम्हाला मी काय सांगायचं! सापडला की लगेच गंधार तपासायचा, शुद्ध की कोमल. आमची पोरं मेजर आणि मायनर म्हणतात ते बरंचसं या एका स्वरावर ठरतं. मग पंचम, मग मध्यम. हे चार स्वर खरे निघाले की साध्या गाण्याची साथ उभी राहते, बाकीचे वाटेत सापडतात.

खरी पंचाईत पुढे आहे. नुसते स्वर गोळा करून सा ठरत नाही. पेटीच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या घ्या. पांढरी एक सा धरली तर बिलावलसारखे सगळे शुद्ध स्वर होतात. त्याच पट्ट्यांत पांढरी सहा सा धरली तर गंधार, धैवत, निषाद कोमल होऊन तो आसावरी थाट होतो. सात स्वर तेच, सा वेगळा, आणि गाण्याचा सगळा चेहरा वेगळा. मोबाईलवरची ॲप्स बहुधा इथेच फसतात. त्यांना कुठले स्वर वाजले ते कळतं, गाणं कुठे विसावलं ते कळत नाही.

भैरवीत तर विचारूच नका. समजा तुम्ही काळी एकमध्ये भैरवी म्हणता आहात. तुमचे सातही स्वर पांढरी सहाच्या मेजरचे आहेत, आणि तेच काळी तीनच्या मायनरचेही. या ॲप्सना दोनच खाने ठाऊक असतात, मेजर आणि मायनर. त्यामुळे भैरवी ऐकवली की त्यांतलं एक उत्तर ती ठोकून देतात, आणि पोरगं काळी तीनचा कॉर्ड घट्ट धरून बसतं. तुमचा सा तिथे बिचारा पंचम होऊन उभा राहतो. भजनाच्या शेवटी दर वेळी भैरवी म्हणणाऱ्या माणसाच्या सात वर्षांच्या नातवंडालाही जे कळेल, ते यंत्राला कळत नाही. मी ॲपच्या विरोधात नाही. तार लावायला ते उत्तम आहे. पट्टी त्याला विचारू नये, हे माझं स्पष्ट मत.

मग दोन साच्या भांडणात निकाल कसा लावायचा? इथे बास कामी येतो, आणि म्हणूनच मला हे वाद्य आवडतं. दोन्ही उमेदवार आळीपाळीने गाण्याच्या तळाशी लांब धरून ठेवायचे, तानपुऱ्यासारखे. मघाच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या उदाहरणात एक मुखडा पांढरी एकवर, पुढचा मुखडा पांढरी सहावर. ज्याच्यावर चाल निवांत बसते तो खरा. चुकीच्या सुरावर चाल मोडत नाही, पण तिचा अर्थ बदलतो. हसरं गाणं अकारण उदास वाटायला लागतं. वर काहीही चाललेलं असू दे, सगळ्यात खालचा सूर जे सांगेल त्याप्रमाणे कान वरचं सगळं ऐकतो. म्हणजे जी पट्टी मी ओळखायला बसले आहे ती बिघडवण्याची ताकदही माझ्याच हातात आहे. मंडपात बासवाल्याकडे कोणी बघत नाही, त्याचं नावही शेवटी घेतात, कधी घेतच नाहीत. पण त्याने एक पडदा चुकवला तर बेसुरी गायिकाच ठरते.

रेकॉर्डवरचं गाणं ऐकून पट्टी काढतानाही हे लक्षात ठेवावं लागतं. पोरं म्हणतात, बासचा पहिला सूर उचलला की झालं. तसं होत नाही. चांगला बासवाला सदैव सा वाजवत बसत नाही. सा, नी, ध, प असा एकेक पायरी खाली उतरतो, कधी गंधारच तळाला ठेवतो. उतरताना तो कुठे आहे ते बघू नये, फिरून समेवर कुठे येतो ते बघावं. त्यातून सिनेमातली गाणी कधी अंतऱ्यात सा हलवतात आणि मुखड्याला परत आणतात. तिथे दोन्हीकडे वेगळा हिशेब करायचा. तुम्ही याला षड्जचालन म्हणाल आणि ते आमच्याकडे आधीपासून आहे म्हणाल. म्हणा.

शिवाय आधी बास ऐकू तर यायला हवा. माझ्या जाड तारेचा मोकळा सूर सेकंदाला साधारण 41 कंपनांचा. मोबाईलच्या टिचभर स्पीकरमधून तो बाहेर येतच नाही. येतात ते त्याचे वरचे उपस्वर, आणि आपला मेंदू त्यांच्यावरून न वाजलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. ही निसर्गाची करामत खरी, पण तिच्या भरवशावर पट्टी काढू नये. कानात चांगले हेडफोन घालावेत, किंवा गाणं मोठ्या स्पीकरवर लावून शेजाऱ्यांची क्षमा मागावी. मी दोन्ही करते.

तुम्ही पाठवलेल्या भजनाच्या डबलबारीच्या कॅसेटचंही सांगायचं राहिलं. त्यातली तुमची पट्टी काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध येते. तुम्ही चढ्या सुरात गायलेला नाहीत, घाबरू नका. टेप जरा जोरात पळते आहे. टेपचा वेग वाढला की लयही वाढते आणि सूरही चढतो. जुन्या सिनेमांच्या गाण्यांत हे नेहमी भेटतं. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चालतो आणि आपला टीव्ही 25 चौकटींचा. सिनेमा तसाच टीव्हीवर चढवला की तो चार टक्क्यांहून थोडा जास्त वेगाने पळतो, आणि काळी एकचं गाणं पांढरी दोनकडे झुकलेलं ऐकू येतं. पोरं दोन पडद्यांच्या मध्ये सूर शोधत हैराण होतात. तिथे पडदा शोधू नये. गाण्याचा सा गळ्यात धरून चारही खुंट्या त्याच्या मापाने पिळाव्यात, आणि वाजवून झाल्यावर परत जागेवर आणाव्यात. जुन्या पेटीच्या बाबतीतही मी हेच करते. 1939 साली लंडनच्या परिषदेत पांढरी सहा 440 कंपनांची ठरली खरी, पण तुमच्या पेटीच्या स्वरपट्ट्यांना ते कोणी कळवलेलं नाही. पेटी आयत्या वेळी हलत नाही, तेव्हा हलायचं मी.

एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. मंडपातल्या ॲम्प्लिफायरची जी घूं घूं चाललेली असते, ती या 50 ची आणि तिच्या दुपटीची. खालच्या सप्तकातली पांढरी पाच 49 कंपनांची. म्हणजे प्रत्येक मंडपात पांढरी पाचच्या जरासा वर एक फुकटचा तानपुरा रात्रभर चालू असतो! ध्वनिवाले त्याच्या नावाने बोटं मोडतात. मी मात्र हळूच माझ्या जाड तारेचा तिसरा पडदा त्याच्याशी लावून बघते. दोन्ही सूर सेकंदाला साधारण एकदा एकमेकांवर हेलकावतात, आणि तार जागेवर आहे की उतरली आहे याचा अंदाज येतो. वीज थोडी हलत असते, त्यामुळे बारीक जुळणीला हे पुरत नाही. पण गायिकेने पहिला सूर लावला की त्या घूंघूंवरून ती पांढरी पाचच्या वर आहे की खाली, हे वाद्याला हात न लावता कळतं.

तुम्हाला वाटतं हे सगळं बाहेरून आलेलं खूळ. वाद्य बाहेरचं आहे, मान्य. लिओ फेंडर यांनी 1951 साली पडद्यांची विजेची बास गिटार बाजारात आणली. त्याआधी त्या कामाला माणसाहून उंच असा डबल बास लागे, त्याला पडदे नसत, सूर चाचपत धरावा लागे. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून त्यांनी तिचं नावच 'प्रिसिजन' ठेवलं. पण पट्टीचा हा व्यवहार मुंबईत फार जुना आहे. आमच्या घरामागची चित्रनगरी 1977 ची. गाणी त्याच्या कितीतरी आधीपासून ताडदेवच्या फिल्म सेंटरला, महालक्ष्मीच्या फेमसला, वांद्र्याच्या मेहबूबला मुद्रित होत. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, पट्टी काळी-पांढरीत सांगायचा, आणि गोव्याचे वादक-संयोजक ती पाश्चात्त्य लिपीत कागदावर उतरवायचे. शंकर-जयकिशनांकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी तर प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि त्याच 1977 साली प्यारेलालनी 'अमर अकबर अँथनी'मध्ये गुरूचं नाव गाण्यात अमिताभच्या तोंडी घातलं. तुम्ही ते गाणं थट्टेचं समजून हसत होता, ती गुरुदक्षिणा होती. पंचमच्या, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्या, ताफ्यात टोनी वाझ बास वाजवत. चरणजित सिंगही बासवालेच. त्यांनी 1982 साली आपले दहा राग यंत्रांवर बसवून एक तबकडी काढली. त्यातलं एक यंत्र मुळात एकट्या गिटारवाल्याला सरावासाठी बासची साथ मिळावी म्हणून बनवलेलं होतं. आणि आज माझ्यासारख्या बायकांना तुम्ही विचारता तसं "हे बायकांचं वाद्य काय?" असं कोणी विचारलं, तर मी मोहिनी डेचं नाव सांगते. मुंबईची मुलगी, वडिलांकडे लहानपणापासून बास शिकली, झाकिर हुसेन आणि रहमान यांच्याबरोबर वाजवती झाली.

परकं म्हणून नाक मुरडणाऱ्यांत तुम्ही नसावं, असंही मला वाटतं. तुमच्या पेटीलाच परकी आणि ठोकळेबाज ठरवून आकाशवाणीने 1940 पासून तीसएक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, बारा सूर खिळ्याने ठोकल्यासारखे पक्के, हा आरोप. तो आरोप माझ्या पडद्यांनाही लागू आहे. निदान मला तारेवर बोट घसरवून मींड घेता येते, तुम्हाला तीही नाही. तरी तुम्ही पेटीतून जे काढता ते मी ऐकलेलं आहे.

आता मुद्द्याचं. गणपतीला मी गावी येते आहे, आणि या वेळी बास आणि छोटा ॲम्प्लिफायर घेऊन. खळ्यात भजन उभं राहील तेव्हा मला पखवाजाच्या शेजारी जागा द्या. पखवाजाची डावी धूम आणि माझी जाड तार एकमेकांच्या पायात येतील, तेव्हा कणीक किती लावायची ते त्यांच्याशी आधी बोलून घेऊ. आवाज पेटीच्या वर जाणार नाही, ही माझी हमी. भैरवी संपेपर्यंत उठणार नाही. फक्त पट्टी मला कोणी आधी सांगायची नाही, तुम्हीसुद्धा नाही. आणि पेटीच्या भात्याला उंदराने भोक पाडलंय म्हणालात, तो तेवढा आठवड्याभरात शिवून घ्या.

तुमची,
दिंडोशीची नात